व्हॉल्यूमचं नाव

...टिकत नाही हो अक्षर! तुम्हाला सांगतो, घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणं सोपं, कॅसेट लावली की पार सिडकोच्या चौकापर्यंत ऐकू जाते, पण त्याच्या पुढच्या पत्र्यावर ‘व्हॉल्यूम’ एवढं एक नाव टिकवून दाखवा... घासून उमटवायची अक्षरं आणली मेनरोडवरून, बोटाच्या घामानं गेली. कागद छापून डकवला, पिवळा पडून सुटला. आणि उरलंसुरलं दसऱ्याला आमची ही, ललिता, पुसायची! दसऱ्याला यंत्राची पूजा, मान्य, पण हळदीकुंकू लावायच्या आधी ओल्या फडक्यानं खसाखसा? मी बोंबलायचो. ती म्हणायची, "देव काय तुमचं व्हॉल्यूम वाचायला बसलाय?" आणि मग स्वतःच पांढऱ्या ऑइलपेंटात काडी बुडवून, माझ्या शेजारी मांडी घालून, नाक पत्र्याला लावून एकेक अक्षर काढायची. रांगोळीचा हात हो! अख्खी संध्याकाळ जायची. पुढच्या दसऱ्याला पुन्हा खसाखसा. टिकत नाही अक्षर म्हणून मी वर्षभर कुरकुरायचो, आणि वर्षभर त्या संध्याकाळची वाट बघायचो, हे सांगायचं कुणाला?

मग आमच्या लेकीला, तेजलला, मुलगी झाली, तेजलची नोकरी भोपाळला, ही गेली नात सांभाळायला. ‘दसऱ्याला येतेच’ म्हणाली... गेल्या वर्षीचा दसरा तसाच गेला की! घर खायला उठतं हो. रिकामा माणूस करणार काय? गेलो प्रफुल्लच्या डीटीपीच्या दुकानात. पारदर्शक प्लास्टिकवर अक्षरं छापायची, छापलेली बाजू पत्र्याकडे करून चिकटवायची, म्हणजे बोट लागतं प्लास्टिकला, शाई आत सुखरूप. चिकटवलं, बघतो तर सगळं आरशातलं! प्रफुल्ल म्हणतो, काका, आधी उलटं छापायचं असतं, तेव्हा ते सुलटं दिसतं. दुसऱ्यांदा जमलं. असं चिकटवलं, की पत्रा फाटेल पण ते सुटणार नाही.

परवा हिचा फोन. नातीचे दात, तिथलं पाणी, सगळं झालं, मग हळूच, "अक्षरं राहिलीत का हो?"

आता तुम्हीच सांगा, खरं कसं बोलणार? म्हटलं, कसली राहतात, सगळी पुसली. कुठलं बटण कशाचं, काही कळत नाही. तू नाहीस, तर करमतही नाही.

तशी म्हणाली, "रंग आणून ठेवा. दसऱ्याला येते."

आणलाय हो रंग, काड्यासुद्धा निवडून ठेवल्यात! उद्या दसरा, सकाळी गाडी नाशिकरोडला... आणि मी दुपारपासून ओलं फडकं, रॉकेल, आता राख आणि काथ्या घेऊन घासतोय, घासतोय...

जात नाही हो अक्षर!