न पोचवलेलं पत्र आणि माझे चार वाचक

...आणि वर हा विल्मार मलाच म्हणतो, "आदेमार, तू लांबण लावतोस!" मी लांबण लावतो? अहो, चौतीस वर्षं या दोलोरेस गावात टपाल वाटलं मी, सायकलवरून, नदीच्या धक्क्यापासून पार कब्रस्तानापर्यंत, कुठल्या दारात कुठला कुत्रा आणि कुठल्या कुत्र्याला कुठली पिंढरी आवडते, सगळं तोंडपाठ! निवृत्त झालो, म्हटलं हे लिहून ठेवावं. वाचनालयातल्या बाईंनी ब्लॉग उघडून दिला, दर गुरुवारी लिहायला लागलो. लिहिलं हो, भरपूर लिहिलं! पण वाचणार कोण?

चार. तुम्हाला सांगतो, चार वाचक! कोपऱ्यात आकडा दिसतो ना, तो बघून सांगतो. एक मी. दुसरी मोंतेविदेओची बहीण. तिसरी नेली, म्हणजे माझी बायको, तीही चुकून, तिला भोपळ्याचा मुरंबा शोधायचा होता. आणि चौथा फिनलंडचा! त्या फिनलंडवाल्याचा मला काय अभिमान! म्हटलं, बघा, एवढ्या बर्फात बसून माणूस आपल्या गल्ल्यांबद्दल वाचतोय. तर विल्मार म्हणतो, "तो माणूस नाही रे. यंत्र आहे. सगळ्यांकडेच येतं."

हा विल्मार म्हणजे आमचा औषधवाला. तोही लिहितो. गॅस, मूळव्याध, पायाचे गोळे... आणि त्याला वाचक किती? नऊ हजार! दुकानात गेलो की खोकल्याच्या बाटलीबरोबर उपदेश फुकट. "आदेमार, मथळा असा दे की माणूस दचकला पाहिजे. छोटं लिही, छायाचित्र टाक, शेवटी प्रश्न विचार. 'सान मार्तिन रस्त्यावरचे वारे' हा काय मथळा आहे? वारे वाचणार कोण?"

"अरे, तू लिहितोस ते तरी काय वेगळं..."

"माझे वारे लोकांच्या पोटातले आहेत!"

मी खोकल्याची बाटली उचलली आणि निघालो.

घरी आलो, थर्मास बगलेत घेतला, येर्बाच्या पानांच्या चहाचे कडू घोट घेत दोन दिवस विचार केला, आणि गुरुवारी मथळा दिला: 'चौतीस वर्षांत मी एकच पत्र पोचवलं नाही.' खोटं नाही हं! खरंच एक राहिलं होतं. बियाण्यांच्या कंपनीचं माहितीपत्रक, ज्याच्या नावाचं तो गृहस्थ तीन महिन्यांपूर्वीच वारलेला. कोणाला देणार, गाजराचं बी? हे सगळं मी लिहिलं होतं, अगदी सविस्तर... शेवटच्या परिच्छेदात. पण शेवटपर्यंत वाचणार कोण?

शुक्रवारी सकाळी आकडा बघतो तर दोन हजार तीनशे! मी नेलीला हाक मारली, "नेली! ये, बघ!" ती म्हणाली, "तूच दाराकडे बघ आधी."

दारात रांग! पहिली बेबा, शिवणकामवाली. "आदेमार, खरं सांग. ते पत्र ब्वेनोस आयरेसहून होतं ना? लग्नाचं विचारलं होतं ना त्याने? आणि तू माझं आयुष्य खिशात घालून फिरलास?" अहो, तिच्या मागे तिचा नवरा उभा! तो म्हणतो, "मलाही कळू दे." मग एबेर, साठ वर्षांचा माणूस, "बंदरातल्या नोकरीचं होतं ना? म्हणून मी आयुष्यभर सुतारकाम केलं ना?" मी ओरडतोय, "खाली वाचा! खाली लिहिलंय!" एबेर म्हणतो, "वाचलं मी." किती वाचलं? "मथळा." अख्ख्या गावाचं जे जे हुकलं ते माझ्या पिशवीत! जो तो आपलं दुःख घेऊन हजर, आणि लेख? लेख वाचणार कोण?

दुपारी दोन्या इर्मा, म्हणजे आमच्या इर्माबाई, आल्या. ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत. त्यांचा मुलगा दारियो स्पेनला व्हालेन्सियात जाऊन सोळा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं पत्रं यायची, मीच नेऊन द्यायचो. मग थांबली. मग मी त्यांच्या दारावरून सायकल जोरात काढायचो, कारण त्या खिडकीत उभ्या असायच्या, आणि रिकाम्या हाताने माणसाने काय म्हणून थांबायचं?

बसल्या. म्हणाल्या, "आदेमार, मी भांडायला नाही आले. ते दारियोचं होतं, एवढंच सांग. पावसात भिजलं असेल, चालेल. काय लिहिलं होतं तेही नको. फक्त होतं म्हण."

तुम्हाला सांगतो, 'होतं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. काय जात होतं माझं? पण चौतीस वर्षं दुसऱ्याचं पत्र तिसऱ्याला दिलं नाही मी. मी लेख त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचायला लागल्या. मोठ्याने. पहिल्या ओळीपासून! वीस मिनिटं! नेली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. गाजराच्या बियांपाशी आल्या, थांबल्या.

"म्हणजे माझं नव्हतंच."

"नव्हतं, दोन्या इर्मा."

 मग चष्मा पुसत म्हणाल्या, "लिहितोस बरं. मधे जरा लांबतं." आणि मग, "याच्याखाली आपल्याला लिहिता येतं का रे? मी सांगते, तू टाइप कर."

मी टाइप केलं. 'दारियो, पत्र हरवलं नव्हतं, आदेमारने खात्री करून दिली. म्हणजे तू लिहिलंच नाहीस. माझे गुडघे सोडून सगळं ठीक आहे. आई.'

बस, एवढंच. रविवारी सकाळी दारियोचा फोन. आमच्याच घरी, कारण आईचा बदललेला नंबर त्याला ठाऊक नव्हता. बार्सिलोनातल्या कोणीतरी वाचलं, त्याने व्हालेन्सियातल्याला पाठवलं, असं करत त्याच्यापर्यंत गेलं.  मला म्हणाला, "तुमचा लेख नाही वाचला मी, पण खालचं वाचलं. तिचा नंबर द्या." मी दिला. तासाभराने त्यांच्या घरावरून गेलो, खिडकी रिकामी होती, आतून बोलण्याचा आवाज येत होता. या गावात मी इतकं वेळेवर काही पोचवलं नव्हतं.

आता पुढचं ऐका! लोक मला रस्त्यात अडवतात. मी छाती पुढे काढतो. तर विचारतात काय? "दोन्या इर्मा परत कधी लिहिणार?" विल्मार स्वतः म्हणाला, "बाईंना म्हणावं, वेगळी जागा घ्या." घेतली! वाचनालयातल्या बाईंनी उघडून दिली. दर गुरुवारी पाच ओळी. गुडघे, सूप, दारियो काल काय म्हणाला. मथळाच नाही! छायाचित्र नाही, प्रश्न नाही, काही नाही... आणि वाचक अकरा हजार!

मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण आज गुरुवार आहे, आणि दुपारपासून तीनदा दोन्या इर्मांचं पान उघडून पाहिलं, त्यांनी अजून काही टाकलेलं नाही.