मधून दिसणारा कळस

"काका, हा डबा खरंच लगेच फोटो काढून देतो?" सहलीत मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून भीमाशंकरच्या देवळासमोर मी फोटोवाल्या दादाभाऊंना बेधडक विचारलं. तेवढ्यात तळेघरची एक आजी जुना फोटो घेऊन आजोबांसकट पुढे घुसली.

"लगीन झाल्यावर तुमीच काढला व्हता. कळस लख्ख, अन् आमी दोघं धुरकट!"

"आजी, मधोमध जे दिसंल त्यावरच हा आपोआप फोकस धरतो. तुमी उभे एकमेकांपास्नं दोन हात लांब. त्याला मधून कळसच दिसला!"

"मग? सासूबाई समोर व्हत्या. चिकटून उभी राहू व्हय?"

"आता कोण हाय बघायला?"

"ही पोरगी हाय की!"

"मी डोळे मिटते, आजी."

"लई आगाऊ हाय!"

"चिमाजीभाऊ," दादाभाऊ आजोबांना म्हणाले, "शेवटचीच फिल्म उरलीय, परत मिळंल न मिळंल. सरका जवळ. मग बटण अर्धं दाबून धरतो, तवा हलू नका."

"सरकलो की."

"अजून कळसच दिसतोय, राव!"

"लंका, ये की हिकडं."

"अगं बया! चारचौघांत नाव घेतलंत?"

असं म्हणत आजी आजोबांना खेटली आणि खटकन् आवाज झाला. बाहेर आलेला पांढरा कागद आजीने पदराखाली झाकला आणि जरा वेळाने हळूच काढला.

"आलो का वो आपण?"

"आलो की, झकास! कळस तेवढा धुरकट झालाय."

"असू द्या. तो काय, हाय तिथंच."

घरी पोचताच मी दप्तर फेकून जाहीर केलं, "आई, बाबा, रविवारी मी तुमचा फोटो काढणार. आणि या खेपेला मध्ये मी उभी राहणार नाही!"