इराचं माप

नाही गं, मसाल्याची पिशवी तळाशी घाल, मग मेतकूट, आणि ब्लाउज अगदी शेवटी, वर — चुरगळला तरी चालेल, इस्त्री आहे इराकडे. म्हणजे होती. आता व्हॅनमध्ये कुठली आलीय इस्त्री! पण करेल काहीतरी, पातेल्यात गरम पाणी घालून फिरवेल, लहानपणी मीच शिकवलंय. तुला जड नाही ना होत, अनघा? तू पोर्टलंडला ऑफिसच्या कामाला चाललीस आणि ही पासिर रिसची काकू तुझ्या बॅगेत आपलं दुकान भरतेय. बरं, क्षितिज येईल तुझ्या हॉटेलवर, आमचा जावई. पांढरी व्हॅन आहे, मागे दोन सायकली टांगलेल्या. दाढी खूप वाढलीय, घाबरू नकोस, स्वभावाने गरीब आहे — अगं, काय दाबून बघतेस?

हं. कळलं का तुला? डावीकडे जाड लागतंय ना? स्पंज आहे. अस्तराच्या आत शिवलाय. बाहेरून कुणाला दिसणार नाही, मी टीपच तशी मारलीय. पण हाताला कळतं. तुझ्या हाताला कळलं म्हणजे इराच्या हाताला तर — ती तर घडी उलगडायच्या आधीच ओळखेल.

बस जरा. बस गं, तुझा पिको अजून व्हायचाय, तेवढा करून देते. हे यायला वेळ आहे, जुरोंग आयलंडची कंपनीची बस सुटली की मेसेज करतात, मग ती MRTची मेट्रो, पार त्या टोकापासून या टोकापर्यंत. बस.

तुला माहीत नाही, इथे कुणालाच माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी इराला छातीत गाठ निघाली. कॅन्सर. डावी बाजू काढावी लागली. मी तेव्हा अमेरिकेला गेले होते ना, इथल्या महाराष्ट्र मंडळात सांगितलं, लेकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. अपेंडिक्ससाठी कुणाची आई चार महिने राहते का? पण कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं देव जाणे. चार महिने तिचा भात केला, केस गळाले ते झाडले, उलट्या धरल्या — सगळं करू दिलं तिने, पण ड्रेसिंग बदलायची वेळ आली की न्हाणीघराची कडी. आई, तू बाहेर थांब. मी बाहेर थांबायची. एकदाही दाखवलं नाही. आणि खरं सांगू? मीही दार ठोठावलं नाही.

बरी झाल्यावर दोघांनी काय केलं तर भाड्याचं घर सोडलं आणि व्हॅन घेतली. क्षितिजचं काम कम्प्युटरवरचं, कुठूनही चालतं. आणि निघाले, या स्टेट पार्कातून त्या स्टेट पार्कात. स्टेट पार्क म्हणजे सरकारी जंगलच गं, पण आत गाड्यांसाठी आखलेल्या जागा. आपल्या इथे पार्कात समुद्राकाठी लोक परमिट काढून तंबू लावतात ना, तसंच, फक्त झाडं एवढाली आणि थंडी अशी की दात वाजतात. जागेला नळ, विजेचा प्लग, एक लाकडी टेबल, शेकोटीला लोखंडी कडं. किती दिवस राहायचं त्याला नियम आहे, मुदत संपली की चला पुढे. हे म्हणाले, “एवढं इंजिनियर करून पोरगी भटकी झाली.” मी म्हटलं, हसते ना फोनवर? मग भटकू द्या.

गेल्या मे महिन्यात मी गेले होते की त्यांच्याबरोबर! फोटो दाखवले ना तुला, शेकोटीजवळ मी कानटोपी घालून? पुढे दोघं, मागे मी त्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन. तिथल्या आंघोळीच्या खोलीत नाणी टाकली की पाणी येतं, आणि मी केसांना शिकेकाई लावली की नेमकं बंद. दोन शेगड्यांवर पोहे केले, तर शेजारच्या गाडीतली गोरी बाई वासाने बशी घेऊनच आली. मजा आली गं. खरंच.

आणि मग — तू हे कुणाला बोलणार नाहीस ना? यांना तर अजिबातच नाही.

एके दिवशी पार्कातून निघालो आणि क्षितिज लाल झाला. आरशातून माझ्याकडे बघेना. म्हणतो, “आई, पुढचा मुक्काम जरा वेगळा आहे. तिथे कपडे ऐच्छिक असतात.” ऐच्छिक! मला आमच्या शाळेतला ऐच्छिक विषय आठवला, घ्यायचा तर घ्या नाही तर नका. मी म्हटलं, म्हणजे रे काय? तर इरा म्हणाली, “म्हणजे आई, ज्यांना नको ते घालत नाहीत. तळं आहे, झाडं आहेत, सगळी साधी माणसं आहेत, आम्ही दोन पार्कांच्या मधे तिथे नेहमी थांबतो. तू नऊवारी नेसून बस, कुणी काही म्हणणार नाही.” मी म्हटलं, मला इथेच उतरवा. हायवेवर. मी विमानतळावर चालत जाते. — हसतेस काय? तुझ्या आईला नेऊन बघ.

आत शिरताना दारावरच्या माणसाने माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. फोटो चालत नाहीत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. आणि खुर्चीवर बसायचं तर आपापला टॉवेल टाकून बसायचं — म्हटलं, बरं आहे बाई, स्वच्छता तरी आहे. मी व्हॅनचे पडदे ओढले आणि आत बसले. किती उकडलं! फटीतून बघितलं तर एक आजोबा, डोक्यावर टोपी, पायात मोजे, बास, मजेत पेपर वाचतायत. एक बाई बटाटे सोलतेय. मी आतूनच ओरडले, इरा, अगं ही माणसं फोडणी कशी देतात? मोहरी उडते, मिरची उडते! तर ती म्हणाली, “आई, अॅप्रन असतो ना!” आणि अशी हसली, अशी हसली की मला तिचं शाळेतलं हसू आठवलं. आजारपणानंतर तसं ऐकलंच नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी ती तळ्यावरून आली. मी फटीतून बघत होते. हातात बादली, केस ओले, अंगावर — काही नाही. उजवीकडे माझी लेक, आणि डावीकडे सपाट. एक आडवी रेघ, काखेपर्यंत गेलेली, जरा ओढल्यासारखी, गुलाबी. चार महिने कडीच्या बाहेर उभी होते ते हे. आणि कुणी बघत नव्हतं गं! कुणाचं कुत्रं आलं, त्याला थोपटायला वाकली, त्या आजोबांशी काहीतरी बोलली, बादली खाली ठेवली, उचलली. कुणी नजर चोरली नाही, कुणी कीव केली नाही. आणि मी, तिची आई, मला रडू यायला हवं होतं ना? मी काय करत होते सांगू? माप घेत होते. इतकी वर्षं ब्लाउज शिवून ही नजरच अशी झालीय. मुंढ्यापासून इतकं, मधल्या हाडापासून इतकं, इथे उभारासाठी चिमूट घ्यायला नको, इथे कापड सरळ उतरेल. मनातल्या मनात पूर्ण बेतला. एवढं सुबक माप मी उभ्या आयुष्यात घेतलं नसेल.

मग ती बटाटेवाली बाई, तिच्या तर दोन्ही बाजू गेलेल्या, नंतर माझ्या लक्षात आलं, तिने खिडकीतून कलिंगडाची फोड आत दिली. आता आत बसून कलिंगड खाल्लं तर गादीवर रस सांडणार. मग उतरले. खुर्चीवर टॉवेल टाकला. आणि — ओढणी काढली. घडी करून मांडीवर ठेवली. बास. एवढंच. एवढंसुद्धा यांना सांगितलं नाहीये, घरी म्हटलं, सगळे मुक्काम स्टेट पार्कातच.

तर आता आमच्या रोहनचं लग्न. डिसेंबरात, पुण्याला, तुला पत्रिका येईलच. इरा एकुलती बहीण, म्हणजे करवली तीच, कलश घेऊन नवऱ्यामुलाच्या पाठीशी उभी राहणार, प्रत्येक फोटोत येणार. फोनवर म्हणाली, “आई, मी येते. कलश धरते, नाक मुरडत नाही, सगळं करते. साडी नेसते. पण आत काही भरणार नाही. जशी आहे तशी उभी राहीन.” हे शेजारीच बसले होते, स्पीकर चालू. हे म्हणाले, “तसं असेल तर येऊ नकोस.” असं म्हणाले. फोन बंद झाला. रोहनला कळलं तर तो म्हणतो, “आय डोन्ट माइंड लाह, मा. माय सिस्टर वॉट.” त्याला काय, इथे वाढलेला मुलगा, बोलणंही इथलंच.

हे वाईट नाहीत गं. तिच्या ऑपरेशनच्या वेळी इथे एकटे होते, आठवडाभर डबा तसाच परत आणायचे, शेजारच्या चिनी आजी मला नंतर सांगत होत्या. वाईट नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांपुढे हॉल आहे, सुलेखा वन्सं आहेत पहिल्या रांगेत, कुजबुज आहे. दोन दिवसांनी म्हणाले, “संजीवनी, तूच शीव ना आतून. माझं ऐकत नाही, पण तुझ्या हातचं ती उसवणार नाही. मुकाट घालेल.”

आणि मी शिवला.

का शिवलास, असंच ना तुझ्या मनात? त्या तळ्यावरचं सगळं बघून आलीस, कलिंगड खाल्लंस, आणि तरी? अगं, तिथे सगळेच तसे. तिथे कोण कुणाला हसणार? लग्नात पैठण्यांची रांग लागणार आणि त्यात एकटी माझी इरा. तिला कुणी “बिचारी” म्हटलं तर मला सहन व्हायचं नाही. तिच्यासाठीच गं. मी काही लाजत नाही तिला. मी कशाला लाजेन? पोटची पोर आहे. अपेंडिक्स म्हणाले ते उगीच, लोकांना चघळायला नको म्हणून. तिचा आजारपणातला फोटो अल्बममधून काढला तोही — मी — हो.

लाजते. बघ, आलं तोंडून.

हा वाजला फोन. बघ गं, माझ्या हाताला दोरा आहे. “बस सुटली”? हं. बस सुटली.

ती उसवणार नाही, यांचं बरोबर आहे. ती ओळखते माझी टीप. ती उसवणार नाही, अनघा, ती ब्लाउज परत घडी करेल, तुझ्याचकडे देईल, आणि पुण्याला येणार नाही. भांडणार नाही, काही नाही. न्हाणीघराची कडी लावायची ना, तशी. आणि या वेळी मी जन्मभर बाहेर.

आण इकडे. दे तो ब्लाउज. ती छोटी कातर, तिथे, मशीनच्या खणात — नाही, ती नाही, काळ्या मुठीची. तुझा पिको राहू दे आता, तुझी साडी कुठे पळत नाही. धर हे टोक. घट्ट धर. — निघाला. बघ, केवढासा आहे. पोळीच्या लाटीएवढा.

आता नुसता स्पंज काढून भागत नाही, बघ कापड कसं लोंबायला लागलं. मी दोन्हीकडे कटोरी घातली होती, वाटीसारखी फुगीर, यांनी सांगितलं तशी. डावीकडची काढायलाच हवी. अख्खी. तिथे सरळ तुकडा बसवते, उरलेलं कापड आहे, हे घे, धर दिव्याखाली, काठ जुळतो का? जुळतो. एका बाजूला कटोरी, एका बाजूला सरळ — असा ब्लाउज मी आजपर्यंत शिवला नाही, कुणी शिवलेला बघितलाही नाही. माप? माप कशाला विचारू तिला? आहे माझ्याकडे. सांगितलं ना तुला, बेतून ठेवलंय. आता बोलू नकोस, टीप वाकडी जाईल.

मुंढ्यापासून इतकं. हाडापासून इतकं. इथे चिमूट नको.

इथे सरळ.

झालं. हात फिरव आतून. काही टोचतंय? त्या रेघेवर शिवण येता कामा नये, म्हणून काखेकडे नेलीय. अस्तर मऊ मलमलचं लावलंय. घडी मी घालते, दे. वरच ठेव, मेतकुटाच्या वर.

तिला काय सांगायचं? सांग की — नको. काही सांगू नकोस. अंगात घातला की कळेल तिला, की आईने बघितलं होतं.

चल, ऊठ आता, तुला भरायचंय अजून. अगं, स्पंज कशाला उचलतेस? कचऱ्यात नको. तिथेच राहू दे, टेबलावर, हे चहा पितात त्या जागेवर. नाही, झाकू नकोस काही त्याच्यावर. येतील, बसतील, दिसेल. मग विचारतील, मग मी सांगेन. सगळंच सांगेन, कलिंगडाचंसुद्धा.

लिफ्ट आली बघ. दार धरून काय उभी राहिलीस, जा. अनघा, जा गं.