चौसष्ट केबीची जागल

(पांढरकवडा. बस स्टँडसमोरचं मोबाईलचं दुकान. दुपार.)

नौशाद : चोर? चोर कोनाले म्हणून राह्यली तू बाई? दुकान माह्यं, कम्प्युटर माह्या, गिऱ्हाईक माह्यं. अन् चोरही मीच?

अर्पिता : खेळ माझा आहे. ‘जागल’. कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी लिहिला तो. सुरू केला की पहिल्या स्क्रीनवर नाव यायला पाहिजे अर्पिता मारोतराव डंभारे. आणि येतं काय? ‘नौशाद मोबाईल, बस स्टँडसमोर, पांढरकवडा.’

नौशाद : मंग पत्ता बरोबर हाय ना. त्या पत्त्यावरूनच आली न तू?

अर्पिता : यवतमाळच्या एस.टी.त कंडक्टर खेळत होता. लोक तिकीट मागत होते आणि हा डुकरं हाकलत होता.

नौशाद : थो कंडक्टर आधीपासूनच कामचोर हाय. त्याचा दोष माह्या दुकानावर नको टाकू. अन् खरं सांगू का म्याडम? माह्या कम्प्युटरात हजार गेम असन. त्यात यासारखा भिकार गेम दुसरा नाही.

अर्पिता : भिकार!

नौशाद : नाही त काय? गाडी नाही, बंदूक नाही, मारामारी नाही. एक बुढा रातभर वावराची जागल करत मचाणावर बसते, डुकरं येतात, बुढा ओरडते, डुकरं पळतात. झाला गेम. अवं, इथल्या लोकाइले डुकरं पाहाले मोबाईल कायले पाह्यजे? वावरात जाऊन बसलं का जिते डुकरं भेटतात.

अर्पिता : इतका भिकार आहे तर देता कशाला लोकांना?

नौशाद : फुकट देतो. दहा गेम घेतले का वरतं हा एक. भाजीवर कोथिंबीर देते तसा.

अर्पिता : आणि त्या कोथिंबिरीवर स्वतःचं नाव टाकता.

नौशाद : टाकतो. मंग? तुमी पुन्यामुंबईवाले एक गेम बनवता अन् दहा वर्स नाव मिरवता. हे गेम जार फाइलीत येतात. जार मतलब गाठोडं. गाठ सोडली का सगळं समोर. चित्रं इकडं, आवाज तिकडं, प्रोग्राम मधात. म्या तुह्या नावाचं चित्र काढलं, माह्या दुकानाचं ठेवलं. झालं. त्याले इंजिनिअरिंग नाही लागत.

अर्पिता : इंजिनिअरिंग नाही, लाज सोडायला लागते.

नौशाद : वा! मंग लाजेचं मीही सांगतो. मागच्या साली एक कंपनीवाला आलता. त्या साली गावोगाव दिल्लीचे साहेब फिरत होते, क्यामेरेवाले फिरत होते, ज्याले पाहा त्याले कापूसवाल्याचा कळवळा. याच्याजवळ फोनात टाकाचा प्रोग्राम होता. म्हणे शेतकऱ्याले घरबसल्या कापसाचा भाव दिसन. म्या वीस फोनात टाकून देल्ला. भाव दिसे, पण परवाचा! परवाचा भाव घेऊन मानूस मार्केटात गेला का अडत्या हासे. शिकलेल्या लोकाइले शेतकरी म्हटलं का खेळच सुचते.

अर्पिता : तो प्रोग्राम आमच्या कंपनीचा होता.

नौशाद : म्हणजे तूच केल्ला?

अर्पिता : मी लिहिला. भाव टाकणारा माणूस कंपनीनं दोन महिन्यांत काढला. त्याला मी काय करू?

नौशाद : या अल्ला! म्हणजे दोन्ही भिकार तुहेच! अन् मी चोर. बस बाई, बस. पानी पे. इतकी मेहनत करून थकली असशील.

अर्पिता : पाणी नको. खेळ पण नको मला. नाव तुमचंच राहू द्या, हजार फोनात राहू द्या. मला फक्त त्यातला आवाज पाहिजे.

नौशाद : कोनता आवाज?

अर्पिता : म्हातारा ओरडतो तो. ‘हाऽड’. कंडक्टरच्या फोनात खेळ मुका होता.

नौशाद : मुका म्याच केला. लहान फोन चौसष्ट केबीच्या वरचा गेम घेतच नाही. फाइल मोठी हाय म्हणते अन् हात वर करते. अन् इथं सगळ्याइजवळ तेच फोन. तुमी कम्प्युटरवरच्या नकली फोनात चालवून पाहता, टाळ्या वाजवता अन् घरी जाता. इथं थो गेम घुसला पाह्यजे ना. म्हणून आवाज काढून फेकला.

अर्पिता : फेकला म्हणजे? कुठं फेकला?

नौशाद : फेकला म्हणजे फेकला. कचरा कुठी जाते मले काय माहीत?

अर्पिता : नौशादभाऊ, नीट पाहा. माझ्या घरच्या कम्प्युटरची हार्डडिस्क गेली. होस्टेलच्या पोरींना ब्ल्यूटूथवर दिला होता, त्यांचे ते फोन कधीच गेले. कोणाजवळ काही नाही. तुमच्याकडेच असला तर असेल.

नौशाद : एका ‘हाऽड’साठी इतकी रड? कोनाले बी उभं कर अन् ओरडाले लाव. मीच ओरडून देतो. हाऽऽड! घे.

अर्पिता : तो आवाज माझ्या बाबांचा आहे.

नौशाद : त मंग बाबाच्या तोंडासमोर फोन धर अन् म्हण, बाबा, अजून एक डाव ओरडा. त्याच्यासाठी तिकीट फाडून इथं याची गरज काय?

अर्पिता : बाबाले आवाज नाही आता.

नौशाद : सर्दी झाली असन.

अर्पिता : खर्रा. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. घशात कॅन्सर निघाला. नागपूरला नेलं त डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, पण तोंडातून हवेशिवाय काही निघत नाही.

नौशाद : खर्रा कायले खावा मानसानं इतका? कोनी सांगतलं नाही का बुढ्याले?

अर्पिता : तुमच्या तोंडात काय आहे?

नौशाद : सुपारी.

अर्पिता : नुसती?

नौशाद : माह्यं सोड. तुह्या बाबाचं सांग. त्याची आठवण म्हणून पाह्यजे का आवाज?

अर्पिता : आठवण कशाची? बाबा जिता आहे, घरी बसला आहे. मले डुकरं हाकलाले पाह्यजे.

नौशाद : डुकरं? खरे डुकरं?

अर्पिता : बाभुळगावच्या पुढं आमचं वावर हाय. तूर उभी हाय. बाजूच्याइची तूर डुकरं लोळवून जात, आमच्याकडं फिरकत नव्हते. बाबा मचाणावरून एकदा ओरडला का आख्खा कळप पलटे. सारे गाववाले म्हणत, मारोतरावाच्या घशाले डुक्कर भेते. म्हणून तर म्या त्याचा गेम केला. आता बाबा टिनाचा डबा वाजवते, फटाके फोडते. डुकरं उभे राह्यतात, पाह्यतात अन् खातात.

नौशाद : मंग खाऊ दे ना. एक साल तूर नाही झाली त काय होते?

अर्पिता : तुरीचं नाही सांगून राह्यली मी! ओरडता येत नाही म्हणून बाबा काठी घेऊन कळपात जाते. दुरून जे काम होत होतं ते आता जवळ जाऊन करते. चार दिवसांआधी सुळा मांडीवरून गेला. धोतर फाटलं, खाली खरचटलं. आई रडते, त्याच्या पाया पडते. ऐकत नाही. इशाऱ्यानं सांगते का वावर माह्यं हाय. म्हणून मी पुन्यावरून आली. तो आवाज भोंग्यावर लावून मचाणावर ठेवते म्हटलं. नाहीतर एखाद्या राती त्याले उचलूनच आणा लागन.

नौशाद : अन् डुक्कर का बेअक्कल हाय? त्याले समजत नाही का, का हे रेकॉर्डिंग हाय?

अर्पिता : समजन तर समजन. पाहून तर घेऊ. आणि तुम्ही तो आवाज फेकला! चौसष्ट केबी, चौसष्ट केबी! एका जित्या मानसाचा आवाज काढून फेकला, काही वाटलं नाही?

नौशाद : ओ बाई, जास्त नको बोलू. मले काय सपन पडलं होतं का हा तुह्या बाप हाय म्हणून? तुह्या गाठोड्यात दोन फाइली होत्या आवाजाच्या. एकीचं नाव एस-वन, एकीचं एस-टू. बाप होता त बापाचं नाव द्याचं होतं.

अर्पिता : दोन?

नौशाद : दोन. एस-टू त गेमात वाजतच नोयती. उगीच पडून होती अन् अर्धं गाठोडं तिनंच खाल्लं. अन् म्हणे इंजिनिअर.

अर्पिता : ते कच्चं रेकॉर्डिंग. त्यातूनच ‘हाऽड’ कापला होता. काढायचं राहूनच गेलं असेल.

उत्तमसिंग : नौशाद! अबे, फोन चार्ज झाला का माह्या? ट्रकात कापूस भरून उभा हाय, जिनिंगवाला बोंबलून राह्यला.

नौशाद : या, उत्तमसिंग. तुमचीच कमी होती. थो पाहा, तिकडं लावून ठेवला.

उत्तमसिंग : ही पोरगी काहून रडून राह्यली? नकली बॅटरी देल्ली का हिले बी?

अर्पिता : मी रडत नाहीये.

उत्तमसिंग : देल्ली असन. मले देल्लती यानं. आदिलाबादपर्यंत टिकली नाही. हा दुकानदार…

उत्तमसिंगचा फोन : हाऽऽड! हाऽड रे, हाऽऽड! हे काय धरलं वं माह्या तोंडासमोर? कालेजात शिकाले धाडलं तुले अन् तू डुकराचे खेळ करून राह्यली? बंद कर थे. बंद कर म्हणतो ना…

उत्तमसिंग : ह्यालो! हो शेठ, निघालोच. अर्ध्या रस्त्यात हाय. हो, हो. ठेवा.

अर्पिता : काका, हे काय वाजलं? हे कुठून आणलं तुम्ही?

उत्तमसिंग : रिंगटोन हाय पोरी. याच बदमाशानं टाकून देल्ली.

अर्पिता : नौशादभाऊ!

नौशाद : थांब, थांब. आता आलं ध्यानात. एस-टू म्या फेकली नाही. ऐकली त लय हासू आलं. बुढा कोनाले तरी झापून राह्यला होता, म्हणून रिंगटोनमंधी टाकून देल्ली.

उत्तमसिंग : ड्रायवर लोकाइत भलती चालते हे. शेठचा फोन आला का गाणं कायले वाजावं? शिव्याच वाजल्या पाह्यजे. रातच्याले घाटात डुलकी लागली अन् फोन वाजला का या बुढ्याच्या आवाजानं मानूस खडबडून उठते. माह्या तांड्यावर माही याडी, माय माही, म्हणते, कोन मेला सकाळपासून बोंबलून राह्यला. हैदराबादपर्यंत किती गाड्याइत हा बुढा वाजते, इचारू नको.

अर्पिता : तो बुढा माझा बाप आहे.

उत्तमसिंग : हा? अन् झापून राह्यला थो तुले?

अर्पिता : मलाच.

उत्तमसिंग : मंग बरोबरच झापून राह्यला. शिकाच्या वयात डुकराचे खेळ! नमस्कार सांग बापाले माह्या. चाल नौशाद, पैसे उद्या.

नौशाद : याचा उद्या तीन सालापासून आला नाही. हं, पाहू दे मले… हे घे. फोल्डरात दोन्ही हाय. एस-वनही हाय. ‘हाऽड’ नुसता. कचऱ्यातून निघाला तुह्या बाप.

अर्पिता : आधी ती दुसरी लावा. पूर्ण. काकांनी मधेच फोन उचलला.

नौशाद : सगळेच उचलतात. पूर्ण कोनी ऐकली? घे.

कम्प्युटर : …बंद कर म्हणतो ना. त्याचा सेल संपून जाईन त मंग उतरशीन कशी अंधारात? हे मचाण दोघाइचं वजन नाही घेत. तू उतर पह्यले. हळू. पाय तिकडं नको ठेवू. थांब, मी धरतो.

नौशाद : पुन्हा लावू?

अर्पिता : नको. ‘हाऽड’ कार्डात टाकून द्या. तीन वेळा टाका, मधात थोडी जागा सोडून. डुकराले असं वाटलं पाह्यजे का मानूस श्वास घेऊन राह्यला.

नौशाद : हे अक्कल गेम बनवताना लावली असती त गेम चालला असता. अन् भोंगा? भोंगा हाय का?

अर्पिता : यवतमाळात भाड्यानं पाहते.

नौशाद : यवतमाळवाले डुकरासाठी भोंगा देतात का? हासतीन तुह्यावर. आमच्या रहमतचाचाचा लग्नाचा भोंगा पडून हाय घरी. घेऊन जाय. भाडं नको देऊ. फक्त डुकरानं खाल्ला नाही पाह्यजे.

अर्पिता : तुम्ही चोर आहात ते आहातच, पण…

नौशाद : बस, तितकंच राहू दे. ‘पण’च्या पुढं मले ऐकाचं नाही. दुसरी फाइल पाह्यजे का नाही? का डुकराले बी झापाचं हाय?

अर्पिता : ती माझ्या फोनात टाका. आणि बाबांच्या नंबरला लावून द्या. त्यांचा फोन आला की तीच वाजली पाहिजे.

नौशाद : त्याले बोलता येत नाही म्हणते अन् त्याचा फोन येते?

अर्पिता : रोज येतो. मी बोलते, ते ऐकतात. ‘हो’ असेल तर फोनवर टिचकी मारतात, ‘नाही’ असेल तर ठेवून देतात.

नौशाद : लय वेळा ठेवत असन बुढा.

अर्पिता : रोजच ठेवतात.

नौशाद : हं. लागली. लाव बाबाले फोन, वाजते का नाही पाहून घे. मंग अर्ध्या रस्त्यातून वापस येशीन अन् मले अजून चोर म्हणशीन.

अर्पिता : ह्यालो… बाबा, मी. आवाज भेटला. तुमचा. हो, पांढरकवड्यात. भोंगाही भेटला. आज रात्री मी लावते मचाणावर, तुम्ही खाली खाटेवरून पाहा. कळपात जायचं नाही… बाबा, ठेवू नका. ऐका. डुकरं नाही पळाले त मी स्वतः काठी घेऊन जाईन, तुम्ही नाही. मारा टिचकी… बाबा… मारा ना… हो. ऐकू आली. एकच कशी, जोरात मारा. हो. आता ठेवा अन् मला उलटा फोन लावा. कायले ते विचारू नका. लावा फक्त.

नौशाद : मारली टिचकी?

अर्पिता : मारली. दोन मारल्या.

अर्पिताचा फोन : हाऽऽड! हाऽड रे, हाऽऽड! हे काय धरलं वं माह्या तोंडासमोर? कालेजात शिकाले धाडलं तुले अन् तू…

नौशाद : वाजते बाप्पा, चांगली वाजते. उचल ना वं. बुढा तिकडं फोन धरून बसला असन.

अर्पिता : उचलला का आवाज बंद होते, भाऊ.