फुग्यांच्या प्लास्टिकची एक दुपार

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपले मालक, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या पॅकिंगच्या मावशी, आणि मागे दाराशी चहाच्या वासावर उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी तक्रारी ऐकणारा माणूस. एरवी फोनवर मला एक शब्दही कुणी बोलू देत नाही, तेव्हा आज चंगळच आहे.

मावशी आज निवृत्त होताहेत आणि आजच बबल रॅपचा दिवस आहे. पाहुणे, हसू नका. आपल्या कपबश्या ज्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून जातात, त्याचाही एक दिवस असतो म्हणे. तो कुणी ठरवला ते ठाऊक नाही, पण आपल्या कारखान्यात तो मावशींनी आणला. वर्षभर त्यांच्या खोलीत फुगा फोडायची कुणाची टाप आहे? एक जरी वाजला, तरी मान न वळवता विचारणार, "कोण रे तो? बोटं शिवशिवत असतील तर घरी जाऊन वाटाणे सोल!" आणि त्या एका दुपारी याच मावशी उरलेले तुकडे हातात देऊन म्हणतात, "फोडा, बाबांनो." भले मिशाळ गडी जमिनीवर फतकल मारून बसतात. आपल्या हिशेबनीस बाई तर ओळीनं फोडतात, मध्ये एकही सोडत नाहीत.

आता जरा अवघड भाग. मावशींना भेट म्हणून आम्ही आपल्याच भट्टीतली चहादाणी निवडली. काल सत्कार समितीनं कार्यक्रमाची रंगीत तालीम घेतली. तालमीच्या भरात एका तुकड्याचे सगळे फुगे फोडले आणि त्याच चपट्या प्लास्टिकमध्ये चहादाणी गुंडाळली. कुणी? अख्ख्या पॅकिंग विभागानं! सकाळी मावशींनी ती उलगडली आणि चहादाणीची चोच त्यांच्या ओटीत पडली. म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण मावशी एवढ्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग हातातलं ते चपटं प्लास्टिक चाचपलं.

म्हणाल्या, "अरे, पुढच्या महिन्यात यंत्र येणार, माल कागदात जाणार. मग हा दिवसही गेलाच की रे."

मी म्हटलं, "तुम्हाला काय त्याचं? तुम्ही सुटलात."

"मी सुटले. पण ही माणसं वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभी असतात. एकमेकांसमोर बसतात ती तेवढ्या एका दुपारी. आमचे हे गेले, त्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्याच दुपारी, या सगळ्यांमध्ये बसून."

हे मालकांच्या कानावर जायलाच हवं. म्हणून इथे बोलतोय. मालक, यंत्र आणा, कागद आणा, आमची ना नाही. फक्त वर्षातून एकदा एक गुंडाळी या माणसांसाठी मागवा. मावशींना दुसरं काही नको आहे. आज दारात सगळ्यांना एकेक तुकडा मिळालाय, तो शेवटचा ठरू नये, एवढंच मागणं आहे.

कोण ते? माझं भाषण संपेपर्यंत फोडायचं नाही असं बजावलं होतं ना? आवाज व्यासपीठावरून... अरेच्चा! मालक, तुम्ही? हा होकार समजायचा ना? मान डोलावताहेत. सगळ्यांनी पाहिलंय बरं का!

मालक, मनापासून आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दलही ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला मान द्यायचा राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि मालक, उरलेले फुगे फोडायला खुर्ची तेवढी मावशींकडे वळवून घ्या.