बंड्याचं उपोषण

हसू नका, पण माझी सवत म्हणजे एक कुत्रा आहे. लग्नानंतर महिन्याभरातच हे कामासाठी नागपूरला गेले आणि कात्रजच्या आमच्या घरात यांच्या लाडक्या बंड्यानं अन्नपाणी सोडलं. यांच्या चपलेवर हनुवटी टेकून नुसता पडून! सासूबाईंचा जीव खालीवर. शेवटी मी यांना व्हिडिओ कॉल लावून फोन त्याच्यासमोर धरला.

"बंड्या, सोन्या, दोन घास खा रे! माझी शपथ आहे तुला!" हे तिकडून विनवू लागले.

बंड्यानं शेपटी हलवत फोन चाटला आणि दूधभाताचं अख्खं वाडगं लख्ख केलं.

मी हळूच म्हटलं, "अहो, मीही जेवले नाहीये अजून."

"अगं, मग जेव ना!" म्हणत यांनी फोन ठेवला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "या घरात शेपटी हलवल्याशिवाय शपथ मिळत नाही हो, सूनबाई."