कॉम्प्युटरची खोळ

...आणि वर मलाच म्हणतात, "कीरिगोच्या आई, तुमच्यासारखं मन कुणाचं नाही!" अहो, मन कसलं घेऊन बसलात, हात बघा माझे हात! या हातांनी शाळेचा कॉम्प्युटर मारला मी! एकदा नाही, चांगला चार-पाच वेळा! आणि आळ कुणावर? गचांजा सरांवर! आमचे गणिताचे सर, वाटेत मुंगी आली तर थांबून तिला आधी जाऊ देतील असा माणूस! पण तुम्हाला सांगते, मुद्दाम नाही हो केलं... मला काय स्वप्न पडलं होतं?

झालं काय, मी शाळेत क्लार्क. कराटिना गावाच्या वरच्या अंगाला आमची शाळा, वारा सुटला की लाल माती चहाच्या कपात. म्हणून माझ्या ऑफिसात सगळ्याला खोळ. रेडिओला खोळ, थर्मासला खोळ, खुर्च्यांच्या पाठींना खोळ, सगळं क्रोशाचं, माझ्या हातचं. आणि जानेवारीत हा नवा कॉम्प्युटर आला तो उघडाबोडका! मागं जाळी, जाळीत पंखा, आणि तो मेला गरागरा फिरून सगळी माती आत ओढतोय! मला बघवेना. आठवडाभर विणलं. बटणाला खिडकी, दिव्याला गोल भोक, डोक्यावर सूर्यफूल, आणि मागं त्या जाळीवर? तिथं दुहेरी लोकर आणि मुके खांब, म्हणजे बिनफटीचे टाके, इतके घट्ट, इतके घट्ट की पाणी ओतलं तर थेंब आत जाणार नाही! वाइरुरी मॅडम, आमच्या मुख्याध्यापिका, बघून म्हणाल्या, "आता कसं घरच्यासारखं वाटतंय!" त्यानंतर त्या खोळीकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. आमच्याकडं उघडी वस्तू डोळ्यावर येते, झाकलेली कुणाला दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी गचांजा सर आले, पेन ड्राइव्ह लावला, आणि पडदा निळा! ठप्प! मॅडम धावत आल्या, "सर, काय घातलंत त्यात?" सर म्हणतात, "मॅडम... चर्चची गाणी होती." "चर्चच्या गाण्यांनी असं होतं?" पुढं रोजचंच झालं. अर्धा तास चालायचा, मग आपला आपण बंद, आपला आपण चालू, मध्येच म्हणायचा फाइल सापडत नाही... आणि प्रत्येक वेळी सगळे बघायचे सरांकडं.

मग बाजारातून न्दिरांगू आला, दुरुस्तीवाला. आता परका माणूस कामाला येणार म्हणून मी काय केलं असेल? खोळ काढली, घडी घातली, पिशवीत ठेवली! डॉक्टरकडं जाताना स्वेटर काढतो ना आपण? त्यानं डब्याला कान लावला, डोळे मिटले. "आवाज ऐकताय? हार्ड डिस्क गेली समजा." घेऊन गेला. दोन दिवसांनी फोन, "अहो, माझ्या दुकानात तर पळतोय की!" परत आणला. मी खोळ घातली. वीस मिनिटं! "डिस्कच," न्दिरांगू म्हणाला, "आधी आजारी होती, आता शेवटच्या घटका मोजतेय." नवी डिस्क बसवली. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी खोळ धुतली, खळ घालून कडक केली आणि चढवली. पंधरा मिनिटं! न्दिरांगू कपाळाला हात लावून बसला. "नवीसुद्धा खाल्ली! हा त्या पेन ड्राइव्हचाच रोग." सर आपल्या बुटांकडं बघत उभे. आणि मी? मी त्याला चहा दिला, म्हटलं, "कठीण आहे बाई!" मला काय स्वप्न पडलं होतं?

मग बुधवारी खोळीवर माझाच चहा सांडला. काढून वाळत घातली. तर हा पठ्ठ्या दिवसभर चालला! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकदा अडखळला नाही! गुरुवारी खोळ वाळली, घातली, आणि सहज वर हात ठेवला... अगं आई गं! वर चपाती टाकली असती तर फुगली असती! काढली, चालला. घातली, मेला. काढली, चालला. आता मात्र स्वप्न पडायची गरजच उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगायचं! सांगणारच होते हो! तेवढ्यात मॅडम आल्या, "कीरिगोच्या आई, उद्या कमिटीची मीटिंग. गचांजा सरांना ताकीदपत्र द्यायचंय, टाइप करा." ताकीदपत्र! सर उपमुख्याध्यापक होणार होते यंदा, आणि फाइलीत ते पत्र गेलं की संपलं सगळं. टाइप कुणी करायचं? मी! कशावर? त्याच कॉम्प्युटरवर! आणि एरवी उठता बसता बंद पडणारा तो मेला, आता खोळ नव्हती ना, 'आपल्या निष्काळजीपणामुळे' टाइप होईपर्यंत हूं नाही की चूं नाही! तेवढ्यात दारात सर. "माझ्यामुळं तुमचं काम खोळंबलं, माफ करा हं," म्हणाले आणि टेबलावर गरम मंदाजी, आमच्याकडचे तळलेले गोड वडे, ठेवून गेले. खोटं नाही सांगत, मी ते तसेच कागदात गुंडाळून ठेवले. लाज वाटली मला माझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी मीटिंगमध्ये उभीच राहिले. म्हटलं, "सरांनी काही केलेलं नाही. मी केलंय. माझ्या खोळीनं." मग साक्षीला बोलावलेला न्दिरांगू म्हणतो, "लोकरीनं मशीन मरतं? मग मेंढ्या कशा जगतात हो?" हशा! मी म्हटलं, "घाला खोळ, बसा अर्धा तास, दाखवते!" मॅडम म्हणाल्या, "बसा खाली, चहा निवतोय." आणि कमिटीचे अध्यक्ष, वारुइंगे बाबा, ऐंशीचे आहेत, डोळे पुसत उठले. "बघा! दुसऱ्याची भाकरी वाचावी म्हणून पोरीनं आळ स्वतःवर घेतला! या मनापुढं कागदाची काय किंमत?" टर्रकन फाडलं पत्र. "गचांजा, जा, तुला माफ केलं!"

माफ! न केलेल्या गुन्ह्याबद्दल! उपमुख्याध्यापक होतील आता, पण माफ केलेले उपमुख्याध्यापक होतील, आणि हे सगळं गाव लक्षात ठेवील. बाहेर व्हरांड्यात सरांनी माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, "सख्ख्या बहिणीनं केलं नसतं! माझ्यासाठी खोटं बोललात!" "अहो सर, खरं आहे ते!" "हो हो," हळूच म्हणतात, "मी कुणाला सांगणार नाही."

आणि एवढ्यावर भागतंय होय? पुढच्या महिन्यात शाळेला दहा कॉम्प्युटर येतायत. कमिटीचा एकमतानं ठराव, त्यांच्या खोळी कीरिगोच्या आईनं विणायच्या, शाळेच्या रंगात! सोमवारी हिरवी लोकर आलीसुद्धा, पोतंभर. नाही म्हणून बघितलं, तर म्हणतात विनय बघा बाईंचा! काय करणार... विणतेय. सातवी चाललीय. मागची बाजू मात्र सगळ्यांची सताड उघडी ठेवलीय, आणि कुणी विचारलं तर सांगते, लोकर कमी पडली. हे बरं लगेच पटतं सगळ्यांना!